रंगीत सांडपाणी आणि आपली काळी माती

काळ्या मातीचे गुण बीड जिल्ह्यांतील शेतकऱ्यास नव्यानें सांगावयास नकोत. बालाघाटाच्या पठारापासून गोदेच्या थडीपर्यंत जी काळी जमीन पसरलेली आहे तिच्यावरच आपला कापूस, आपली ज्वारी व आपला ऊंस उभा आहे. ओल धरून ठेवणें, खत मुरवून घेणें आणि उन्हाळ्यांत भेगाळून आपली मशागत आपणच करणें, हे तिचे गुण सर्वांस ठाऊक आहेत. अलीकडे तिच्या आणखी एका गुणाचा बोलबाला होऊं लागला आहे. ही माती व तिच्या जातीचीं कांहीं खनिजें कारखान्यांच्या सांडपाण्यांतील रंग व विषारी द्रव्यें ओढून घेतात, असें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. गोष्ट खरी आहे. परंतु या खऱ्या गोष्टीचा आधार घेऊन शेतकऱ्यास एक घातक सल्ला दिला जातो. तो असा कीं, कारखान्याचें रंगीत पाणी नाल्यांत फुकट दवडण्यापेक्षां शेतांत घ्यावें; काळी माती तें गाळून घेईल, पिकास पाणी मिळेल आणि विहिरींत उतरेल तें स्वच्छच उतरेल.

दुष्काळाच्या वर्षीं असला सल्ला गोड लागतो. २०१५ च्या जुलै महिन्यांत परळीचें औष्णिक वीजकेंद्र पाण्यावांचून बंद ठेवावें लागलें होतें. ज्या जिल्ह्यांत सरकारी वीजकेंद्रासही पाणी पुरत नाहीं, तेथील शेतकरी दारीं आलेल्या पाण्यास नको कसें म्हणेल? म्हणूनच माती काय धरते, काय सोडते व धरलेल्याचें पुढें काय होतें, हें नीट समजून घेणें अवश्य आहे. आम्ही रसायनशास्त्री नव्हों. आमचें आयुष्य तालुका कचेरींत जमाबंदीचे कागद लिहिण्यांत गेलें. तथापि हा विषय जमाखर्चासारखाच आहे. एका बाजूस जें नाहींसें झालें तें दुसऱ्या बाजूस कोठें तरी निघालेंच पाहिजे.

या विद्येचा आरंभ शेतावर झाला, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या मासिकांत मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांत एच. एस. थॉम्प्सन या नांवाचे एक जमीनदार शेतकरी होते. खतांतील अमोनिया पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो कीं मातींत राहतो, हें पाहण्यासाठीं त्यांनीं यॉर्क शहरांतील स्पेन्स नांवाच्या औषधविक्रेत्याच्या साह्यानें मातीच्या थरांतून अमोनियम सल्फेटचें पाणी सोडून पाहिलें. खालून जें पाणी आलें त्यांतील बहुतेक अमोनिया मातींतच राहिला होता व त्याच्या जागीं चुन्याचें सल्फेट, म्हणजे जिप्सम, उतरलें होतें. पुढें तेथील रॉयल कृषिसंस्थेचे रसायनशास्त्री जॉन थॉमस वे यांनीं हाच विषय हातीं घेतला आणि आपले प्रयोग १८५० व १८५२ सालीं त्या संस्थेच्या नियतकालिकांत छापले. वे यांनीं कुजलेलें मूत्र व गटाराचें पाणी मातींतून गाळलें, तेव्हां त्याचा रंग व दुर्गंधी बहुतेक नाहींशी झाली. याबरोबरच त्यांनीं दुसरीही एक नोंद केली आहे. अमोनिया, पालाश यांसारखे पदार्थ माती धरते. पण क्लोराइड, नायट्रेट व सल्फेट यांस ती धरीत नाहीं, तीं चुन्याला बरोबर घेऊन खालीं निघून जातात. पहिली नोंद जगानें लगेच उचलली. दुसरीकडे कारखानदारांचे सल्लागार अजूनही फारसें लक्ष देत नाहींत. शेतकऱ्यास मात्र ती अनुभवानें ठाऊक आहे. अमोनियाच्या रूपांतील नत्र मातींत टिकतें आणि नायट्रेटच्या रूपांतील नत्र मोठ्या पावसाबरोबर मुळांखालीं जातें, हें त्याच नोंदीचें फळ होय.

यांतील मर्म असें कीं, माती कांहीं घेते तेव्हां तितकेंच कांहीं देते. हा साठवणुकीचा व्यवहार नसून अदलाबदलीचा आहे. अमोनिया आंत आला, चुना बाहेर गेला. ही देवघेव वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें मिठाचा विषय निघेल तेव्हां सर्व नुकसान येथूनच सुरू होतें असें दिसून येईल.

शास्त्रांत या क्रियेस अधिशोषण असें नांव आहे. शोषणांत पदार्थ आंत मुरतो, जसें पंचांत पाणी मुरतें. अधिशोषणांत तो कणाच्या पृष्ठभागास चिकटून राहतो. म्हणून ज्या द्रव्याचा पृष्ठभाग मोठा तें या कामीं बलवान. आपल्या काळ्या मातीच्या चिकणांत जें मुख्य खनिज असतें त्यास माँटमोरिलोनाइट म्हणतात. तें पोथीच्या पानांसारख्या अत्यंत पातळ पापुद्र्यांचें बनलेलें आहे. ओल लागतांच या पानांमध्यें पाणी शिरतें व माती फुगते. वाळली कीं पानें मिटतात व जमिनीस भेगा पडतात. हीं सर्व पृष्ठें उलगडून मोजलीं तर शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅमांत सुमारें ७०० ते ८०० चौरस मीटर भरतात. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. तेव्हां सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा एक भरलेला चमचा, एवढ्या चिकणांत एका एकराचें क्षेत्र दडलेलें असतें. सात-बाराच्या उताऱ्यावर ज्याची कधींच नोंद झाली नाहीं असें हें क्षेत्र आहे.

परंतु क्षेत्र मोठें म्हणून तेथें वाटेल त्यास जागा मिळते असें नाहीं. या पानांवर ऋण विद्युत्भार असतो. चुंबकाचीं विजातीय टोकें जशीं एकमेकांस ओढतात व सजातीय टोकें दूर लोटतात, त्याप्रमाणें धनभार असलेल्या पदार्थास ही माती ओढून धरते व ऋणभार असलेल्यास लोटून देते. चुना, पालाश, अमोनिया, शिसें, तांबें हे पाण्यांत धनभारानें वावरतात. क्लोराइड, नायट्रेट व सल्फेट हीं ऋणभाराचीं. रंगांतही अशाच दोन जाती आहेत, आणि सर्व प्रश्न येथें येऊन ठेपतो.

हें ज्यास घरीं पाहावयाचें असेल त्यास फार खर्च नाहीं. दोन कांचेचे ग्लास घ्यावे. एकांत जखमेस लावतात त्या जांभळ्या औषधाचे, म्हणजे जेन्शियन व्हायोलेटचे, चार-पांच थेंब पाण्यांत मिसळावे. दुसऱ्यांत हलवाई जिलेबींत घालतात त्या पिवळ्या किंवा केशरी रंगाची अगदीं लहान चिमूट विरघळवावी. दोन्हींत काळ्याभोर रानांतील वाळलेली, बारीक केलेली माती दोन-दोन चमचे टाकून चांगलें ढवळावें व रात्रभर ठेवावें. पाणी निवळत नसेल तर दोन्हींत चिमूटभर मीठ घालावें. सकाळीं पाहतां जांभळें पाणी बिनरंगी झालेलें दिसेल व जिलेबीचा रंग बहुतेक होता तसाच राहिलेला दिसेल. माती एकाच शेतांतली, पाणी एकाच घागरींतलें, आणि फळ मात्र अगदीं उलट. जांभळ्या औषधाचा रंग धनभाराचा व मिठाईचा रंग ऋणभाराचा, एवढाच काय तो फरक. हा प्रयोग मुलांकडून शाळेंतही करून घेण्यासारखा आहे. फक्त जांभळ्या औषधाचे डाग कपड्यांवरून निघत नाहींत एवढी सावधगिरी ठेवावी.

आतां कारखान्यांतून प्रत्यक्ष कोणते रंग बाहेर पडतात तें पाहूं. आपल्या जिल्ह्यांत कापड रंगविण्याचे मोठे कारखाने नाहींत. पण आपण पिकविलेला कापूस सूत होऊन जेथें जातो त्या इचलकरंजीस व सोलापुरास ते आहेत. इचलकरंजींतील यंत्रमागांचें कापड, सोलापूरच्या चादरी व टॉवेल यांस जे रंग देतात ते सुती धाग्याचे रंग होत. १९५६ सालीं इंग्लंडांतील एका मोठ्या रसायन कंपनीनें सुतास रासायनिक गांठ मारून बसणारे 'रिअॅक्टिव्ह' रंग बाजारांत आणले, तेव्हांपासून सुती कापडांत त्यांचें प्रस्थ वाढत गेलें. हे रंग पक्के बसतात हें खरें, पण घातलेला सर्व रंग बसत नाहीं. रंगाच्या जातीप्रमाणें शेंकडा १० पासून ५० पर्यंत भाग पाण्यांतच राहून गटारास मिळतो. आणि हे रंग ऋणभाराचे आहेत. म्हणजे आपल्या दुसऱ्या ग्लासांतल्या जातीचे.

शोधनिबंधांत चिकणमातीनें शेंकडा ९५ किंवा ९९ रंग काढला असे आंकडे असतात, ते खोटे नसतात. परंतु वाचतांना कोणता रंग घेतला होता तें आधीं पाहावें. फार वेळां तो मिथिलीन ब्लू असतो. १८७६ सालीं हाइनरिख कारो या रसायनशास्त्र्यानें जर्मनींत तयार केलेला हा निळा रंग धनभाराचा आहे, सहज मिळतो व अचूक मोजतां येतो. म्हणून प्रयोगास सोयीचा. मातींत चिकण किती आहे हें अजमावण्यासाठींही तोच वापरतात. अशा रंगावर मिळालेलें यश सुती कापडाच्या सांडपाण्यास जसेंच्या तसें लावणें म्हणजे बागायतीचा आकार जिराईतास लावण्यासारखें आहे.

आपल्या जिल्ह्यास अधिक जवळचें उदाहरण साखर कारखान्यांच्या आसवनींचें. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढतांना साधारणतः ८ ते १५ लिटर तांबूस-काळें पाणी मागें राहतें. त्यासच स्पेंटवॉश म्हणतात. याचा काळेपणा साखर व नत्रयुक्त द्रव्यें तापून झालेल्या पदार्थांचा असतो व त्यांचाही भार बहुतांशीं ऋण असतो. त्यामुळें काळी माती त्यास पुरती धरीत नाहीं, आणि अशा पाण्याखालच्या विहिरींचें पाणी चहासारखें दिसूं लागतें. या पाण्यांत पालाश भरपूर असतो, म्हणून कित्येकांस तें खतासारखें वाटतें. त्यांत तथ्य आहे. पण त्याबरोबर येणारीं क्षारद्रव्यें व कुजणारा माल इतका असतो कीं, मोजमाप नसतां दिलेलें हें खत पिकास बाधतें. आसवनींनीं तें बाहेर न सोडतां आटवून जाळावें किंवा कारखान्याच्या आवारांत कंपोस्टांत जिरवावें, अशी आतां नियमाची अपेक्षा आहे.

येथें कोणी विचारील कीं, मग निवळीचें बीं व तुरटी यांनीं गढूळ पाणी कसें निवळतें? तो प्रकार वेगळा. तेथें पाण्यांत तरंगणारे बारीक कण एकमेकांस चिकटवून जड करून खालीं बसविले जातात. तुरटीचा मात्र दुहेरी उपयोग आहे. तिच्यांतील अॅल्युमिनियम धनभाराचें असल्यामुळें ऋणभाराच्या रंगास तें पकडूं शकतें. आपल्याकडील जुने रंगारी आलीच्या मुळांचा तांबडा रंग सुतावर बसविण्यापूर्वीं हिरड्याचा व तुरटीचा हात देत, त्यांतील युक्ति हीच. तुरटी मध्यस्थ होऊन सुताची व रंगाची गांठ घालून देते. आजही रंगाच्या कारखान्यांत चुना, तुरटी व हिराकस टाकून पुष्कळसा रंग गाळाबरोबर खालीं बसवितात. म्हणजे ज्या रंगास माती धरीत नाहीं त्यास उपाय नाहीं असें नव्हे. उपाय आहे, पण तो कारखान्याच्या हौदांत करावयाचा आहे, शेतांत नव्हे.

रंगाचें एवढें विवेचन केलें, तरी आमच्या मतें शेतकऱ्याचा खरा शत्रु रंग नाहींच. रंग डोळ्यांस दिसतो म्हणून त्याची ओरड होते. जें दिसत नाहीं तें मीठ. रिअॅक्टिव्ह रंग सुताकडे ढकलण्यासाठीं रंगाच्या पाण्यांत साधें मीठ किंवा सोडियम सल्फेट घालावें लागतें, आणि तें दर लिटरास चिमूटभर नव्हे, तर कित्येक तोळ्यांच्या मापानें. हें मीठ कापडास लागत नाहीं; जेवढें घातलें तेवढें बाहेर येतें. धुण्याचें इतर पाणी मिसळून तें पातळ होतें, पण नाहींसें होत नाहीं. माती, राख, कोळसा, तुरटी यांपैकीं कोणत्याही उपायानें तें जात नाहीं. म्हणून सांडपाणी रंगहीन करून दाखविलें म्हणजे तें शेतीस योग्य झालें, असें कोणी म्हणेल तर त्यावर विश्वास ठेवूं नये.

हिशेब करून पाहूं. पाण्यांत दर लिटरास फक्त २ ग्रॅम क्षार आहेत असें धरूं. एका एकरास ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी दिली तर सुमारें २ लाख लिटर पाणी लागतें. त्यांतून ४०० किलो, म्हणजे चार क्विंटल क्षार त्या एका पाळीबरोबर एकरांत येतात. हंगामांत दहा पाळ्या दिल्या तर चाळीस क्विंटल. पीक पाणी पिऊन घेतें, कांहीं पाणी वाफ होऊन जातें, क्षार मागें राहतात. जो शेतकरी एकरास दोन पोतीं खत जास्त पडलें तर हळहळतो, त्यानें हे चाळीस क्विंटल कोठें मावणार याचा विचार करावा.

आणि आतां ती अदलाबदल आठवावी. मिठांतील सोडियम धनभाराचें आहे. तें मातीच्या पानांवर जाऊन बसतें व तेथील चुन्यास बाहेर घालवितें. चुना असेपर्यंत मातीचे कण एकमेकांस धरून रवाळ राहतात, त्यांच्यामधून हवा व पाणी खेळतें. सोडियमनें जागा घेतली कीं पानें सुटीं होतात, कण पिठासारखे विखुरतात व छिद्रें बुजतात. यासच आपण चोपण जमीन म्हणतों. पाणी वर डबकें होऊन उभें राहतें व दोन बोटें खालीं कोरडें निघतें. ओलें असतां चिखल पायास सोडीत नाहीं व वाळल्यावर नांगराचा फाळ मोडतो. मुरमाड जमिनींतील मीठ एखाद्या चांगल्या पावसाळ्यांत धुवून निघण्याचा संभव असतो. काळ्या जमिनींत पाणी खालीं उतरण्याची वाटच मिठानें बंद केलेली असते. जो गुण म्हणून आपण वाखाणतों त्याच धरून ठेवण्याच्या गुणानें ही जमीन अधिक लवकर मरते.

चोपण जमीन पुन्हां आणतां येत नाहीं असें नाहीं. जिप्सम घालून त्यांतील चुन्यानें सोडियमला उठवावें, चांगल्या पाण्यानें धुवून काढावें व तें पाणी वाहून जाण्यास खोल चर काढावे, ही रीत माहीत आहे. नीरा व प्रवरा कालव्यांखालच्या क्षारपड जमिनींवर असे उपाय करावे लागले आहेत. परंतु यांतील दुसरी अट पाहावी. धुण्यास चांगलें पाणी मुबलक पाहिजे. ज्यानें चांगलें पाणी नाहीं म्हणून सांडपाणी घेतलें, तो हें पाणी कोठून आणणार?

आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेच्या नळींत दिसत नाहीं ती शेतांत दिसते. नळींत माती सारखी दाबून भरलेली असते व पाण्याचा प्रत्येक थेंब तिच्या कणांस लागून जातो. आपल्या रानांस चैत्र-वैशाखांत हात-हात खोल भेगा असतात. अशा शेतांत सांडपाणी सोडलें तर तें भेगांतून सरळ मुरमांत उतरतें. माती धरील कीं नाहीं हा प्रश्नच उरत नाहीं, कारण मातीशीं त्याची गांठच पडत नाहीं. नोकरींत असतां एका नाल्याकांठच्या विहिरींचा पंचनामा लिहिण्याचा प्रसंग आम्हांस आला होता. पावसाळ्यांत ज्या विहिरींस कांहीं झालें नव्हतें त्यांस ऐन उन्हाळ्यांत, भेगाळलेल्या पडिकांत पाणी सोडल्यावर, आठवड्याच्या आंत रंग आला. पंचांस त्याचें आश्चर्य वाटलें. भेगांचा विचार केला असतां आश्चर्याचें कारण नाहीं.

दुसऱ्या खनिजांविषयीं थोडक्यांत सांगतों. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरे, कांचेसारखे स्फटिक सांपडतात, त्यांतील कित्येक झिओलाइट जातीचे असतात. १७५६ सालीं क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्र्यानें हें नांव ठेवलें. तापविला असतां दगड उकळल्यासारखा फसफसतो म्हणून 'उकळता दगड' असा त्याचा अर्थ. पुणें, नाशिक व जळगांव या बाजूचे असले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. झिओलाइटच्या अंगांत अति सूक्ष्म, सारख्या मापाचीं छिद्रें असतात व तीं अमोनिया, शिसें यांसारखे लहान धनभारी कण उत्तम धरतात. १९८६ सालीं चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हां पाण्यांतील किरणोत्सर्गी सीझियम धरण्यासाठीं याच खनिजाचा उपयोग करण्यांत आला. परंतु रंगाचे रेणू त्या छिद्रांच्या मानानें मोठे. ते बाहेरच्या बाहेर राहतात. कोंकणांतील व महाबळेश्वराकडील जांभा दगड मात्र उलट स्वभावाचा आहे. त्यांत लोखंडाचे व अॅल्युमिनियमचे गंज असून पाणी किंचित् आंबट असेल तर त्यावर धनभार येतो, म्हणून तो फ्लोराइड, फॉस्फेट व ऋणभारी रंग यांस धरूं शकतो. कोंकणच्या शेतकऱ्याचें स्फुरद मातींत अडकून पडतें तें याच कारणानें. आपल्याकडे काळी माती आहे, जांभा नाहीं.

परळीच्या राखेचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. तेथील पहिला संच १९७१ सालीं सुरू झाला. आपल्या देशांतील दगडी कोळशांत राखेचें प्रमाण शेंकडा ३० ते ४५ इतकें मोठें असतें, त्यामुळें राखेची अडचण आपल्या जिल्ह्यास नवी नाहीं. ही राख सांडपाण्याचा रंग काढते, व तें काम मुख्यतः तिच्यांत अर्धवट जळून राहिलेला कोळसा करतो. तरीपण तिची शक्ति चांगल्या चिकणमातीच्या मानानें फार थोडी. शिवाय राखेंतून आर्सेनिक, बोरॉन यांसारखीं द्रव्यें स्वतःच पाण्यांत उतरूं शकतात. म्हणजे एक काढतांना दुसरें मिसळण्याची भीति. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें राखेंत कॉस्टिक सोडा मिसळून, तापवून तिचा झिओलाइट करण्याची रीत सिद्ध केली व तिचें पेटंट घेतलें. रीत चांगली आहे, पण तो झिओलाइट पाण्याचा जडपणा, अमोनिया व जड धातु यांच्या कामाचा. रंगाचे मोठे रेणू त्याच्याही छिद्रांत शिरत नाहींत. राख विटांत व सिमेंटांत जावी हेंच आम्हांस बरें वाटतें.

खनिजांनीं रंग काढण्याचें काम योग्य रीतीनें व्हावयाचें तर तें कसें होतें? कारखान्याच्या आवारांत पक्के हौद असावे लागतात. चिकणमातीची पूड पाण्यांत ठरलेल्या प्रमाणांत सोडून ढवळतात, मग निवळूं देऊन गाळ वेगळा काढतात. नुसत्या काळ्या मातीचा थर गाळणीसारखा वापरतां येत नाहीं, कारण ती फुगून पाणीच बंद करते. ऋणभारी रंग धरण्यासाठीं मातीवर आधीं विशिष्ट धनभारी द्रव्यांचा लेप देऊन तिचा स्वभाव बदलतात. हा खर्चाचा भाग आहे. मालाचें प्रमाण पाहूं. एक लाख लिटर पाण्यांत दर लिटरास १०० मिलिग्रॅम रंग असेल तर एकूण रंग १० किलो झाला. माती आपल्या एका ग्रॅमावर १०० मिलिग्रॅम रंग धरीत असेल तर १०० किलो माती लागेल. राख ५ मिलिग्रॅमच धरीत असेल तर तेथें २००० किलो लागेल. हा सर्व गाळ ओला व रंगानें भरलेला असा रोज निघणार. रंग नाहींसा झालेला नाहीं. तो पाण्यांतून गाळांत आला, एवढेंच. असला गाळ घातक कचऱ्यांत मोडत असेल तर तो तळोजें, रांजणगांव, बुटीबोरी येथें जशा बंदिस्त जागा केलेल्या आहेत तशा ठिकाणींच पुरावा लागतो. 'पोटाची माती' किंवा 'खताचा गाळ' म्हणून कोणी ट्रॉली भरून फुकट आणून टाकूं लागला तर तो गाळ कोठून आला, हें लिहून घेतल्यावांचून शेतांत घेऊं नये.

ज्यांच्या शिवारांत असा नाला आधींच आलेला आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द आमच्या जुन्या धंद्यांतले. पाण्याचा रंग पाहून तक्रार करूं नये. रंग धुतला जातो, तक्रार लटकी पडते. प्रयोगशाळेंत पाण्याची विद्युत्‌वाहकता, सोडियमचें प्रमाण, क्लोराइड व रासायनिक प्राणवायूची गरज एवढें तरी तपासून घ्यावें. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या कॅनमध्यें, त्याच पाण्यानें तीन वेळां विसळून, काठोकाठ भरून घ्यावा. एक नमुना नाला मिळण्याच्या वरच्या अंगाचा, एक खालच्या अंगाचा व एक विहिरीचा, आणि विहिरीचा नमुना पंप पाव तास चालवून मग घ्यावा. कॅनवर गट क्रमांक, तारीख व वेळ लिहून दोन पंचांच्या सह्या घ्याव्या. हा नमुना आपल्या माहितीपुरता. न्यायासनापुढें चालावयाचा नमुना १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेंच घ्यावा लागतो. तो कारखान्यास सूचना देऊन, दोन भाग करून, मोहोर लावून घेतला जातो. म्हणून अर्जांत नमुना घेण्याची मागणी स्पष्ट शब्दांत लिहावी व अर्जाची पोंच जपून ठेवावी.

मातीचा नमुना एक फूट, दोन फूट व तीन फूट अशा तीन खोलींचा वेगवेगळा घ्यावा, कारण सोडियम वरच्या थरांत दिसत नसतां खालच्या थरांत सांचलेलें असूं शकतें. सामू ८.५ च्या वर आला किंवा विनिमय होणाऱ्या सोडियमचें प्रमाण शेंकडा १५ कडे जाऊं लागलें तर जमीन चोपण झाली असें धरतात. काळ्या जमिनींत त्याच्या खूप आधींच पाणी मुरणें कमी झालेलें आढळतें. ज्यांच्या शेतापर्यंत सांडपाणी अजून आलें नाहीं पण येण्याचा संभव आहे, त्यांनीं या उन्हाळ्यांतच, पहिल्या पावसापूर्वीं, आपल्या जमिनीचा व विहिरीचा एक नमुना तपासून त्याचा दाखला सात-बाराच्या उताऱ्यासोबत ठेवावा. पुढें नुकसान भरपाईची वेळ आल्यास आधीं जमीन कशी होती हें दाखविणारा दुसरा कागद नसतो.